रचलेले सोळा गुरुवार

दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी टीव्ही लावतो, पण तो बघायला नव्हे. धाकटी खुर्चीत मान टाकून डुलक्या काढते आणि मी भाजी निवडत बसते. घरात तिसऱ्या कुणाचा तरी आवाज असावा, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी मी मटार सोलत होते. मध्येच एक शिट्टीची धून लागली आणि सोललेली शेंग माझ्या हातातच राहिली. पडद्यावर एक हिरवं दार होतं, त्यावर सातचा आकडा आणि वर लुकलुकणारा दिवा. "बावीस वर्षांनी," एक भारदस्त आवाज म्हणाला, "तेच दार पुन्हा उघडतंय."

"ताई!" धाकटीची झोप कुठल्या कुठे पळाली. "आपला दवाखाना!"

'सात नंबरचा दवाखाना' ही एके काळी माझा जीव की प्राण असलेली मालिका. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लागायची. एक लहानसा दवाखाना आणि तिथली एक परिचारिका. तिला सगळे नुसतं सिस्टर म्हणायचे. ऐन तरुणपणी नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, कमी बोलणारा, शिट्टी वाजवत जिना चढणारा. तीन वर्षं चालली आणि एके दिवशी कुणाला काही न सांगता बंद पडली. त्यानंतरच्या गुरुवारीही मी साडेसातला हातातलं काम टाकून बसले होते. पडद्यावर कसल्याशा पावडरीनं भांडी घासून दाखवत होते.

आता ती परत येणार म्हणून मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. त्या शिट्टीबरोबर सगळं घर पुन्हा भरल्यासारखं वाटलं. आमचे हे पेपर घेऊन बसलेत, चिमणी पाटी घेऊन जमिनीवर पालथी पडली आहे. पण तो आनंद फार टिकला नाही. कारण जाहिरात अजून संपली नव्हती.

"नव्या भागांच्या आधी," तो आवाज म्हणाला, "सोमवारपासून रोज संध्याकाळी, तुमचे आवडते जुने भाग. गच्चीवरचा तो क्षणसुद्धा!" आणि पडद्यावर गच्ची आली, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी आल्या. मी घाईघाईनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"अहो, काय झालं?"

"डोळे दुखतात माझे."

"तुमचे दुखतात तर माझा टीव्ही का बंद?" धाकटी म्हणाली. पण ती हसत होती. तिनं लगेच चिमणीला फोन लावला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिला चांगलं नाव आहे, पण या घरात आल्या दिवसापासून ती धाकटीच. माझा दीर अचानक गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि तिची चिमणी चार वर्षांची. मला मूलबाळ नाही. धाकटी शिलाईच्या कारखान्यात लागली, शर्टांच्या कॉलरी शिवायला. दुपारी दोनला जायची, दहाला परतायची. चिमणीचं जेवण, अभ्यास, तिची दुखणीखुपणी, तिचे रुसवे, सगळं माझ्याकडे. ती मला मोठी आई म्हणायची आणि मी ते नाव दागिन्यासारखं मिरवायचे.

अशा नोकरीत गुरुवारचे साडेसात धाकटीच्या वाट्याला यायचेच नाहीत. तीन वर्षांत तिनं त्या मालिकेचा एकही भाग बघितला नाही. बघायचे मी, आणि शुक्रवारी सकाळी तिला सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, करूनच दाखवायचे. सिस्टरचा आवाज, ड्रायव्हरची शिट्टी, त्या खडूस मोठ्या डॉक्टरांचं खाकरणं. आमचे हे पेपरामागून म्हणायचे, "त्या दवाखान्यात जेवढे पेशंट नसतील तेवढे आवाज ही एकटी काढते." धाकटी हसायची, रडायची. कधी चिडून म्हणायची, "त्या डॉक्टरला सांगा, सिस्टरशी नीट बोल म्हणावं!" जणू तो मागच्या खोलीत राहत होता.

त्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्या खिशात सदान्‌कदा तेलाची बुधली असायची म्हणून बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं बुधलीवाला. धाकटीचं मशीन बिघडलेलं नसतानाही तो त्याला तेल घालायचा. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. मग एका मंगळवारी सकाळी, कणीक मळता मळता, ती हसण्याशिवाय म्हणाली, "ताई, त्यानं विचारलंय."

"काय विचारलंय?"

"लग्नाचं."

"चिमणीसकट?"

"आधी चिमणीचं नाव घेतलं, मग माझं." तिचे कान लाल झाले होते. "त्याला दुसऱ्या गावी काम लागलंय. महिनाअखेर जाणार आहे. शुक्रवारपर्यंत सांग म्हणाला."

"मग तू काय ठरवलंस?"

तिनं कणकेचा गोळा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आपल्या सिस्टरलाही ड्रायव्हरनं विचारलंय ना? या गुरुवारी कळेल म्हणाला होतात. बघू तरी ती काय म्हणते." आणि माझ्याकडे बघितलं. मीही हसले. काय पण बाई, असं म्हणाले.

गुरुवार आला. गच्चीवर सिस्टर चादरी वाळत घालत होती. ड्रायव्हर चिमट्यांची टोपली धरून उभा होता. तो म्हणाला, "उत्तर द्यायचं राहिलंय." तिनं एक चादर लावली, दुसरी लावली, मग त्याच्या हातातून टोपली काढून घेतली आणि मान डोलावली. बस्स, एवढंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, इतका आनंद झाला मला तिच्यासाठी. मग मी मागे वळले. चिमणी माझ्या उशीला मिठी मारून तिथंच जमिनीवर झोपली होती. पाय मात्र माझ्या पावलावर टाकलेला. दुसऱ्या गावी. मी मनात म्हटलं, हीसुद्धा जाणार.

शुक्रवारी सकाळी धाकटी चिमणीची वेणी घालत होती. "सांगा ना," ती म्हणाली.

मी सांगितलं. गच्ची सांगितली, चादरी सांगितल्या, चिमट्यांची टोपली सांगितली. सगळं खरं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "नाही म्हणाली ती."

"नाही?"

"म्हणाली, माझ्या मुलीला इथं घर आहे, जीव लावणारी माणसं आहेत. त्यांना तोडून मला नवं सुख नको." यातला शब्दन्‌शब्द माझा होता आणि तो मी सिस्टरच्या आवाजात म्हटला.

धाकटीचा हात वेणीत थांबला. "बरोबर केलं का हो तिनं?"

"आता तिचं तिला ठाऊक," मी म्हटलं आणि दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध अजून गरमही झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "त्याला नाही म्हणून सांगितलं." मी "बरं," म्हटलं. महिनाअखेर तो गेला. पुढे त्याचं काय झालं, ते ना तिनं कधी सांगितलं, ना मी विचारलं.

पण एका खोट्यावर भागत नाही. मालिकेत सिस्टरचं लग्न झालं, ड्रायव्हर तिच्या घरी राहायला आला, सिस्टरच्या मुलीनं त्याला पहिल्यांदा बाबा म्हटलं. मला यातलं काहीच सांगता येईना. मग मी रचायला लागले. ड्रायव्हरची बदली केली. सिस्टरला मोठ्या परीक्षेला बसवलं, मुलीला शर्यतीत पहिली आणली. एक विसरभोळा म्हातारा पेशंट आणला, तो रोज दुसऱ्याच खाटेवर जाऊन झोपायचा. गुरुवारी खरी गोष्ट बघायची, भाजी चिरता चिरता खोटी जुळवायची आणि शुक्रवारी सांगायची. असे सोळा आठवडे. मालिका बंद पडली तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली आणि मी मात्र सुटकेचा श्वास टाकला. त्यानंतर बावीस वर्षं ती कुठेही पुन्हा दाखवली नाही. मला वाटलं होतं, मिटलं.

आता चिमणी तीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात असते. तिचं बाळ वर्षाचं होत आलंय आणि तिला नोकरीवर परत जायचंय. गेले दोन महिने ती आईला म्हणते आहे, "ये ना, कायमचीच ये." मलाही बोलावते, पण तिचं घर दोन खोल्यांचं, हे मला माहीत आहे. आमचे हे गेल्याला नऊ वर्षं झाली. धाकटी गेली तर या घरात मी आणि टीव्ही. धाकटीनं त्या दुपारी फोनवर तिला काय सांगितलं, ते मी बाजूला बसून ऐकलं. "दवाखाना सुरू होतोय गं परत! तो ताईंबरोबर बघते, मग ठरवू यायचं." त्या एका वाक्यानं मला मालिका हवीही वाटली आणि नकोही. मालिका येईपर्यंत धाकटी थांबणार होती. आणि ती आली की धाकटीला कळणार होतं.

तो सगळा आठवडा मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. रोज संध्याकाळी साडेसातला फिरायला जाऊ या, तब्येतीला चांगलं असतं, असं सुचवून बघितलं. "तुमचे गुडघे चालणार आहेत का?" धाकटी म्हणाली. मग केबल नीट येत नाही म्हणून तक्रार केली. केबलवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "आजी, चित्र तर आरशासारखं आहे." शेवटी रविवार उजाडला.

धाकटी मशीनवर बाळासाठी झबलं शिवत होती. मी शेजारी बसून बटणं लावत होते, म्हणजे सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. चौथ्यांदा दोरा हुकला तेव्हा मी सुई खाली ठेवली.

"धाकटे, एक सांगायचंय. सिस्टर हो म्हणाली होती."

मशीन थांबलं नाही. तिनं शिवण शेवटपर्यंत नेली, कापड फिरवलं, दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच शुक्रवारपासून. दुपारी दोनपासून."

"पण तुला कळलं कसं?" मी विचारलं.

"तुम्ही कधी पाळीत काम केलं नाहीत ताई, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही," ती म्हणाली. "पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांच्या बायका एकाच मशीनपाशी असतात. एक उठते, दुसरी बसते. खुर्ची गरमच असते. सकाळच्या पाळीच्या बायकांनी गुरुवारी घरी बसून सगळं बघितलेलं असायचं. मी त्यांना दटावून ठेवलं होतं, एक अक्षर सांगू नका, माझ्या ताई सांगतात तसं तुम्हाला यायचं नाही. पण त्या दिवशी माझ्या मशीनवरची बाई उठता उठताच ओरडली, 'आपल्या सिस्टरचं जमलं गं! आता तुझा बुधलीवाला कधी?' सगळा कारखाना हसला."

सगळ्याचा विचार मी केला होता. चिमणी झोपलेली होती, यांना मालिकेत रस नव्हता, शेजारची गावाला गेली होती. कारखान्यातल्या त्या दहा मिनिटांचा विचार बावीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही.

"मग त्याला कधी सांगितलंस?"

"सहाला. चहाच्या सुट्टीत."

"म्हणजे कळल्यावर? कळूनसुद्धा नाही म्हणालीस?"

"कळलं म्हणूनच म्हणाले." तिनं झबलं मांडीवर पसरून हातानं सारखं केलं. "त्या सिस्टरचं मला काय करायचं होतं, ताई? मी तुम्हाला विचारत होते. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून तिच्या नावानं विचारलं. आणि तुमचं उत्तर मला मिळालं. जी बाई उसनी वाटी परत करतानासुद्धा भरून देते, ती माझ्याशी खोटं बोलते, म्हणजे तिला माझं जाणं किती नको असेल! माझी पोरगी तुमच्या जिवावर टाकून मी आठ तास बाहेर असायचे. तुम्हाला नको ते मी कोणत्या तोंडानं करणार होते?"

"आणि पुढचे सोळा आठवडे?"

"ऐकत होते की. दर शुक्रवारी वाटायचं, आज खरं सांगतील. मग तो म्हातारा पेशंट यायचा." ती हसली. "तो फार आवडायचा मला. खऱ्या मालिकेत तो नाही हे कळलं तेव्हा वाईट वाटलं."

मला हसू आलं नाही. "माफ कर मला," मी म्हटलं.

"माफी मालिकेत मागतात, मागे वाद्यं वाजवून." पण आता ती हसत नव्हती. "राग आला होता. दोनेक वर्षं होता. तुम्ही नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाला असतात ना, तरी मी राहिले असते. भांडले असते, रडले असते, पण राहिले असते. तुम्ही भांडायलाही जागा ठेवली नाहीत. भांडणार कुणाशी, सिस्टरशी?"

ती दोन वर्षं मला आठवली. ती शुक्रवारी सकाळी लवकर उठून कपडे धुवायला लागायची, कमी बोलायची. मी समजले होते, मालिका बंद पडल्याचं दुःख.

मग तिनं सुई उचलली, एका फटक्यात दोरा ओवला आणि माझ्या हातात दिली. "आता चिमणीकडचं काय करू? यावेळी तुम्हालाच विचारते."

"जा," मी म्हटलं.

"तुम्हाला हवंय मी जायला?"

"नाही. मला तू इथंच हवी आहेस. सकाळी कुणाशी बोलू, मटार कुणासाठी सोलू, याचा विचार करून मला आत्तापासून धास्ती बसली आहे. पण तू जा. चिमणीला तू हवीस, आणि त्या बाळाचं बोलणं फुटायच्या आत तू तिथं असायला हवंस."

"एवढंच तर म्हणायचं होतं," ती हळूच म्हणाली. कोणत्या वेळेबद्दल, ते तिनं सांगितलं नाही.

बुधवारची गाडी ठरली. सोमवारी आणि मंगळवारी आम्ही मिळून जुने भाग बघितले. मंगळवारी गच्ची आली. धाकटी पुढे झुकून बघत होती. चादर, चिमटे, टोपली, मान डोलावणं. भाग संपला तेव्हा मी जीव मुठीत धरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमची सिस्टर जास्त बोलायची," ती म्हणाली. "ही नुसती मान हलवते." मग डोळे पुसून बॅग भरायला गेली.

नवा भाग त्याच्या पुढच्या गुरुवारी लागला. मी एकटीनंच बघितला. सिस्टरचे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, चालही माझ्यासारखी झाली आहे. मुलगी आता डॉक्टर आहे. ड्रायव्हर नाही, नुकताच गेला म्हणे. भिंतीवर त्याचा फोटो होता आणि सिस्टर त्याच्या काचेवरची धूळ पुसत होती.

मालिका संपल्या संपल्या मी फोन लावला.

"बघितलंस का गं?"

"बघितलं. अर्धं बाळानं ऐकूच दिलं नाही."

"तो गेला की गं बिचारा." माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो मला आवडला नाही. त्यात कसलंसं हलकं वाटणं होतं. तरी मी थांबले नाही. "म्हणजे शेवटी एकटीच राहिली. हो म्हणून तरी काय मिळालं तिला?"

धाकटीच्या मागे चिमणी कुणाला तरी हाक मारत होती.

"बावीस वर्षं होता ना, ताई," ती म्हणाली. रागानं नाही. कॉलरीचं माप सांगावं तसं.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. "ठेवते हं," म्हणून तिनं फोन ठेवला.